पेटीच्या दारातली गांधीलमाशी

 

आज बोलायचंय गांधीलमाशीबद्दल. तुम्ही म्हणाल, हिच्यात काय सांगण्यासारखं? डसली की कळतंच! पण ज्या गटांनी कर्ज काढून मधपेट्या घेतल्यात किंवा घ्यायचा विचार चाललाय, त्यांच्यासाठी ही माशी म्हणजे हप्त्याचा प्रश्न आहे. पेटीतली वसाहत उठली तर मधही गेला, बागेतली फळधारणाही घटली, आणि कर्ज तेवढं डोक्यावर राहिलं.

आपला सोलापूर जिल्हा डाळिंबाचा. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच केगावला आहे. डाळिंबाच्या फुलावर मधमाशी फिरली की फळ चांगलं धरतं, म्हणून बागेत पेट्या ठेवतात. आता हस्त बहार आठवा. त्याची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला येतात. आणि पावसाळ्यात नि पावसाळा सरता सरता गांधीलमाश्यांचाही जोर असतो. म्हणजे मधमाशीची गरज सगळ्यात जास्त, तेव्हाच तिचा वैरी दारात उभा.

हा वैरी काम कसं करतो ते बघा. अंगानं मोठी, तांबूस किंवा काळपट, पोटावर पिवळा पट्टा असलेली गांधीलमाशी पेटीसमोर हवेत तरंगत राहते. परागकण घेऊन दमून आलेली मधमाशी दिसली की झडप घालते. तिचं डोकं, पंख, पाय तोडून टाकते आणि मधला छातीचा भाग तेवढा घरट्यातल्या अळ्यांना नेऊन खाऊ घालते.

पण खरं नुकसान मेलेल्या माश्यांपेक्षा भ्यालेल्या माश्यांमुळं होतं. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा काय झालं आठवतं ना? बळी गेले तिघांचे, पण आसपासच्या कितीतरी गावांत बाया-माणसं रानात जायला घाबरत होती. पेटीतही तसंच होतं. दारात गांधीलमाशी दिसली की कामकरी माश्या बाहेरच पडत नाहीत. बाहेर पडल्या नाहीत की मकरंद नाही, परागकण नाही. पिलांना खाऊ मिळत नाही, साठवलेला मध संपतो, आणि वसाहत आतल्या आत खंगते.

आपल्या देशी सातेरी माशीकडं यावर एक जबरदस्त उपाय आहे. आत शिरलेल्या गांधीलमाशीला शेकडो माश्या चारी बाजूंनी बिलगतात, गोळा करतात आणि अंग थरथरवून उष्णता तयार करतात. गोळ्याच्या आत ४५-४६ अंश तापमान होतं. गांधीलमाशी त्यात मरते, सातेरी मात्र थोडी जास्त उष्णता सोसते म्हणून वाचते. गटानं एकी केली की सावकार कसा नमतो, तसंच हे!

मात्र बागेत भाड्यानं येणाऱ्या पेट्यांत बहुतेक वेळा मेलिफेरा माशी असते. ती मूळची परदेशी, १९६० च्या दशकात उत्तर भारतात आणून रुजवलेली. मध भरपूर देते, पण गोळा करून मारण्याचा हा डाव तिला सातेरीइतका जमत नाही. म्हणून तिची राखण आपल्यालाच करावी लागते.

युरोपात याच्या उलट घडलंय. तिथं मेलिफेरा घरची आणि गांधीलमाशी परकी. आशियातली एक गांधीलमाशी २००४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये पोचली. चीनहून आलेल्या मातीच्या भांड्यांच्या मालातून गेली असावी, असं मानतात. तिथून ती स्पेन, पोर्तुगाल, इंग्लंडपर्यंत पसरली आणि तिथले मधपाळ हैराण झाले. आपल्याकडची गांधीलमाशी मात्र इथलीच आहे. ती पिकावरच्या अळ्याही खाते. म्हणून तिचा निर्वंश करायचा नाही, पेटीपासून लांब ठेवायची.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे पेटीचं दार अरुंद करा. उंची साधारण साडेपाच मिलिमीटर ठेवली, म्हणजे पट्टीवर अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा केसभर जास्त, तर मधमाशी आत जाते आणि मोठी गांधीलमाशी अडते. पेटीला कुठं फट असेल तर तीही बुजवा.

दुसरं, वसाहत ताकदीची ठेवा. दोन कमजोर पेट्यांपेक्षा एक भरलेली पेटी बरी. पावसाळ्यात फुलोरा नसताना साखरेचा पाक द्यायचा तो पेटीच्या आत आणि संध्याकाळी. बाहेर सांडू देऊ नका, वासानं शत्रू येतात.

तिसरं, सापळा. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवा, तळाशी पाण्यात मासळीचा तुकडा टाका. गांधीलमाशी मासळीच्या वासानं येते, मधमाशी येत नाही. गोड काही घालू नका, नाहीतर आपल्याच माश्या अडकतील. आणि विष तर बिलकुल ठेवू नका.

चौथं, शिवारात नजर ठेवा. घरटं लहान असतानाच काढणं सोपं. मोठं झालं की स्वतः हात लावू नका. रॉकेल ओतून पेटवणं, दगड मारणं, पोरांना पुढं करणं, यातलं काही नको. ते काम जाणत्या माणसानं, अंधार पडल्यावर, अंगभर पोशाख घालूनच करायचं.

आता आपल्या जिवाचं. मधमाशीचा काटा अंगात राहतो, तो नखानं खरवडून लगेच काढायचा. गांधीलमाशीचा काटा मोडत नाही, ती पुन्हा पुन्हा डसते. एखादा डंख असेल तर थंड पाण्याची पट्टी ठेवा. पण तोंड सुजलं, दम लागला, चक्कर आली तर थांबू नका, १०८ ला फोन लावा. खूप डंख झाले असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा, कारण विषाचा परिणाम मूत्रपिंडावर नंतर दिसू शकतो. लघवी कमी झाली किंवा लालसर झाली तर डॉक्टरांना सांगा. चुना, हळद लावून घरी बसायचं नाही.

पेट्या घेण्याआधी प्रशिक्षण घ्या. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरचं मध संचालनालय आहे. जवळ म्हणाल तर मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. गटातून दोघी-तिघी मिळून जा.

या महिन्याच्या बैठकीत एवढा एकच विषय घ्या: पेट्यांसमोर रोज सकाळी पाच मिनिटं कोण बसणार? पाळ्या ठरवा, वहीत नावं लिहा. दुधाची, पाण्याची पाळी आपण लावतोच, त्यात ही आणखी एक. येते तर मग, नमस्कार!