पाळण्याची दोरी कोणी ओढावी?

पावसाळ्यात चिखलदऱ्यावर धुके उतरले की पर्यटकांची रीघ लागते. त्यांच्या खोल्या झाडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या स्त्रियांची तान्ही मुले त्या वेळी कोठे असतात, हे सहसा कोणी विचारीत नाही. पुष्कळदा ती आठ-दहा वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर असतात. आणि त्या बहिणीची शाळा तेवढ्यापुरती बुडालेली असते.

कायदा आहे, पण तो येथवर चढत नाही. २०१७ च्या प्रसूतिलाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली. दहा-पंधरा माणसांवर चालणारे डोंगरावरचे हॉटेल त्या मर्यादेबाहेरच राहते.

२०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्याने टिपली, तेव्हा कडक नियमांची मागणी झाली. ती रास्तच होती. पुढे केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका असावी, असे सुचविले. परंतु शहरात जे वेतन दहा कुटुंबांत वाटले जाते, ते मेळघाटातील विखुरलेल्या वस्तीत चार-सहा मजुरांच्या माथी येते. चालकाने शुल्क वाढविले तर मूल घरी राहते. मुले वाढविली तर नजर अपुरी पडते.

मग नियमच सैल करावेत काय? मुळीच नाही. डोळ्यांत तेल घालून पाहणारी जाणती स्त्री, शुद्ध पाणी, चुलीपासून अंतर यांत तडजोड नसावी. खोलीचे माप आणि नोंदवह्यांची संख्या यांत मात्र ती अवश्य असावी.

उरला पैशाचा प्रश्न. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने त्याची वाट दाखविली होती. कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली, तर एका स्त्रीने ती सांभाळावी आणि तिला मजुरी मिळावी, अशी ती तरतूद होती. म्हणजे नियमाबरोबर त्याचा खर्चही आला. २०२२ पासूनच्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड आहे, व खर्चाचा वाटा केंद्र आणि राज्य उचलतात. डोंगराळ तालुक्यांत मुलांच्या संख्येची अट शिथिल करून सेविकेचे पूर्ण वेतन शासनाने द्यावे; लहान हॉटेलवाल्यांनी मिळून जागा आणि दूध पुरवावे.

पाळणा सुरक्षित असावा, असा आग्रह धरणाऱ्याने दोरीलाही हात लावला पाहिजे. एरवी नियम कागदावर निर्दोष राहतील आणि मूल मात्र बहिणीच्या कडेवरच राहील.