प्लगइनांची निगा : शाळेतील संगणकाबाबत एक आवश्यक दक्षता

संगणकावरील मूळ कार्यक्रमास जोडून जे लहान पूरक कार्यक्रम बसविले जातात, त्यांस प्लगइन म्हणतात. काही ठिकाणी त्यांनाच एक्स्टेंशन किंवा ॲड-ऑन अशी नावे आहेत. मूळ कार्यक्रमात नसलेली एखादी सोय, उदाहरणार्थ शुद्धलेखन-तपासणीचा शब्दसंग्रह, त्यांच्यायोगे मिळते. तथापि एकदा बसविलेल्या प्लगइनाकडे पुन्हा पाहण्याची सवय फारशी आढळत नाही. प्रश्नपत्रिका व निकालपत्रके याच संगणकावर तयार होत असल्याने ही उपेक्षा परवडणारी नाही.

प्लगइन हे बहुधा मूळ कार्यक्रमाच्या निर्मात्याचे नसून अन्य कोणाचे काम असते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. मूळ कार्यक्रम बदलला की प्लगइनही बदलावे लागते. त्याच्या कर्त्याने ते केले नाही, तर ते निरुपयोगी होते. नोव्हेंबर 2017 मध्ये फायरफॉक्सची 57 वी आवृत्ती आली, तेव्हा जुन्या पद्धतीची ॲड-ऑन्स तीत चालेनाशी झाली. ॲडोबी कंपनीने फ्लॅश प्लेयरचा पाठिंबा 31 डिसेंबर 2020 रोजी थांबविला व 12 जानेवारी 2021 पासून त्यात फ्लॅशचे साहित्य उघडणेच रोखले. त्यावर विसंबून रचलेले पाठ त्यामुळे बंद पडले. दुसरे असे की, मूळ कार्यक्रम ज्या फायली वाचू वा बदलू शकतो, त्या प्लगइनासही बहुधा खुल्या असतात. म्हणून दोष न सुधारलेले जुने प्लगइन म्हणजे कडी न लावलेले दारच होय.

लिब्रेऑफिस या विनामूल्य कार्यक्रमाचे उदाहरण घेऊ. त्याच्या 'टूल्स' यादीत 'एक्स्टेंशन्स' हा पर्याय आहे. जुन्या आवृत्तींत त्याचे नाव 'एक्स्टेंशन मॅनेजर' असे होते. तो उघडताच बसविलेल्या एक्स्टेंशनांची यादी दिसते. 'चेक फॉर अपडेट्स' या बटनाने नव्या आवृत्तींचा शोध घेता येतो. 'डिसेबल' केल्यास एक्स्टेंशन जागेवर राहते, पण काम करीत नाही. 'रिमूव्ह' केल्यास ते काढून टाकले जाते. मूळ कार्यक्रमाबरोबरच आलेली एक्स्टेंशने मात्र येथून काढता येत नाहीत.

अद्यतन करताना पुढील क्रम ठेवावा :

1. परीक्षेच्या वा निकालाच्या दिवसांत अद्यतन करू नये. सत्रारंभीचा मोकळा दिवस निवडावा.

2. प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. एक्स्टेंशनाची चालू असलेली जुनी फाइलही जपून ठेवावी, म्हणजे प्रसंगी मागे फिरता येते.

3. नवी फाइल अधिकृत संग्रहस्थळावरूनच घ्यावी. कोणी संदेशातून पाठविलेली फाइल बसवू नये.

4. एका वेळी एकच एक्स्टेंशन अद्ययावत करावे, कार्यक्रम बंद करून पुन्हा उघडावा आणि एखाद्या निकालपत्रकाच्या प्रतीवर त्याची परीक्षा घ्यावी. सर्व एकदम बदलल्यास दोष कोणाचा, हे कळत नाही.

5. बिघाड आढळल्यास 'हेल्प' यादीतील 'रीस्टार्ट इन सेफ मोड' हा पर्याय वापरावा. त्या स्थितीत आपल्या खात्यापुरती बसविलेली एक्स्टेंशने चालत नाहीत. तेथे काम सुरळीत झाले, तर दोष एक्स्टेंशनांत किंवा आपल्या मांडणीत आहे असे समजावे. मग नेहमीच्या स्थितीत येऊन एक-एक एक्स्टेंशन 'डिसेबल' करून पाहावे.

जडवस्तुसंग्रह नोंदवहीत आपण शाळेच्या खुर्च्या, कपाटे व नकाशे यांची नोंद ठेवतो. त्याचप्रमाणे एका साध्या वहीत प्लगइनाचे नाव, आवृत्ती, बसविल्याचा दिनांक, ते कोठून घेतले आणि कशासाठी, अशी नोंद ठेवावी. शेवटच्या रकान्यात काही लिहिता येत नसेल, तर ते प्लगइन काढून टाकण्यास योग्य समजावे. शिक्षकाची बदली झाली तरी वही शाळेतच राहते व नव्याने येणाऱ्यास तंत्रज्ञाची वाट पाहत बसावे लागत नाही. प्रत्येक सत्राच्या आरंभी अर्धा तास या कामास दिल्यास, निकालाच्या आदल्या रात्री होणारी धावपळ बव्हंशी टळेल.