फांदीला जांभळी कड कुठून आली?

मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले साग आणि मोह बोडके झालेले असतात. सकाळी अशा झाडाच्या शेंड्यावर हरियाल ऊन खात बसलेले दिसतात. आपल्या राज्यपक्ष्याचा फोटो काढायला ही उत्तम वेळ. पण तो फोटो संगणकावर मोठा करून पाहिला, की उजळ आकाशापुढच्या फांद्यांना एका बाजूने जांभळी आणि दुसऱ्या बाजूने हिरवी कड दिसते. मग वर्गात कुणीतरी विचारतेच : हरियालाच्या खांद्यावरचा जांभळट डागही असाच खोटा का?

डाग खरा आहे; कड खोटी आहे. पण हे ओळखायचे कसे?

काचेतून जाताना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो. लोलकात हेच आपण कौतुकाने पाहतो. भिंगात तोच दोष ठरतो. साध्या क्राउन काचेचा अपवर्तनांक निळ्यासाठी सुमारे १.५२२, तर तांबड्यासाठी १.५१४ असतो. फरक क्षुल्लक वाटतो, पण १० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या भिंगात निळ्याची आणि तांबड्याची नाभी त्यामुळे सुमारे दीड मिलिमीटर लांब पडते.

हे वर्गात दाखवता येते. काळ्या कागदाला टाचणीने भोक पाडून तो टॉर्चवर लावा आणि साध्या भिंगाने त्या भोकाची प्रतिमा पांढऱ्या कागदावर घ्या. कागद भिंगाकडे थोडा सरकवला, की ठिपक्याची कड तांबूस होते. दूर नेला, की निळसर. (सूर्यावर हा प्रयोग करू नये.) आता मधे लहान भोक असलेला पुठ्ठा भिंगावर ठेवा : कड अरुंद होते. कॅमेऱ्याचे छिद्र लहान केल्यावर, म्हणजे एफ-४ ऐवजी एफ-८ ठेवल्यावर, हेच घडते.

हा दोष काचेतून कधीच जाणार नाही अशी न्यूटनची समजूत होती. म्हणून त्याने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली. एवढ्या थोर माणसाचेही इथे चुकले. क्राउन आणि फ्लिंट या दोन काचांची भिंगे जोडली, तर एकीने फोडलेले रंग दुसरी बरेचसे जुळवून आणते. लंडनच्या जॉन डॉलंडने १७५८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आजच्या चांगल्या लेन्समध्ये अशीच, पण अधिक खास काच असते. तरी थोडा दोष उरतोच.

उरलेला दोष दोन तऱ्हांचा. पहिला वर पाहिलाच : नेमक्या फोकसच्या पुढच्या फांद्या जांभळट, मागच्या हिरवट दिसतात. दुसऱ्यात निळी आणि तांबडी प्रतिमा किंचित लहानमोठी होते. ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत आकारात अर्ध्या सहस्रांशाचा फरक असला, तर मध्यभागी काहीच दिसत नाही, पण कडेला रंग दीड पिक्सेल सरकतात. छिद्र लहान करून हा दोष जात नाही. उपाय सोपा आहे : सॉफ्टवेअर एका रंगाची प्रतिमा तेवढीच ताणते किंवा आकसते आणि कडा जुळतात. पुष्कळ कॅमेरे हे काम फोटो साठवतानाच उरकतात.

आता हरियालाची परीक्षा. पक्षी चौकटीच्या मध्यभागी आणून, छिद्र लहान ठेवून पुन्हा फोटो घ्या. जमल्यास सूर्य पाठीशी ठेवून, मागे आकाशाऐवजी पाने येतील असे उभे राहा. आकाश पांढरेफटक होत असेल तर प्रकाश थोडा कमी घ्या. कड फिकी होईल किंवा जाईल. खांद्याचा डाग जागेवर राहील. शिवाय कड नेहमी उजेड-अंधाराच्या सीमेवर असते, डाग पिसांवर.

पहिल्या तऱ्हेची कड घालवायला सॉफ्टवेअरमध्ये 'जांभळा पुसा' अशा धर्तीची सोय असते. तिला कड आणि पीस यांतला फरक कळत नाही. फोटोभर ती चालवली, तर हरियालाचा खांदा राखाडी होऊ शकतो, आणि ताम्हणाच्या फुलांच्या कडाही. म्हणून ती फक्त फांद्यांवर वापरा, आणि पक्षी ओळखायला दुसऱ्याकडे पाठवायचा असेल तर मूळ फोटोच पाठवा.