उपचार संपले, तरी घास अडतो

कर्करोगाच्या उपचारांचा शेवटचा दिवस पार पडला की घरातील मंडळी सुटकेचा नि:श्वास टाकतात. रुग्णाच्या आवडीचे पदार्थ रांधले जातात, ‘आता भरपूर खा, म्हणजे अंगात ताकद येईल’ असा आग्रह सुरू होतो. मात्र नेमक्या याच काळात अनेक रुग्णांना घास तोंडात घेणेही नकोसे होते. तोंडाची आग, घशात टोचल्यासारख्या वेदना, कोरडी पडलेली जीभ, जेवल्यावर पोटात उठणारी कळ यांमुळे ताट पुढे आले की धास्ती वाटू लागते. हा हट्ट नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे. उपचारांमुळे शरीरात झालेल्या बदलांचा तो परिणाम असून, त्यातील बहुतेक त्रासांवर काही ना काही इलाज करता येतो.

‘ग्लोबोकॅन’च्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतातील पुरुषांमध्ये ओठ व मुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे, तर महिलांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाचा कर्करोग आढळतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखू आणि सुपारीचे व्यसन सरलेले नाही. मुखाच्या कर्करोगावरील उपचारांची झळ अन्नमार्गाच्या प्रारंभाला बसते, तर गर्भाशयमुखावरील उपचारांची झळ आतड्यांना पोहोचते.

तोंड का सोलवटते?

मुख व घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार साधारणपणे आठवड्यातून ५ दिवस, असे ६ ते ७ आठवडे दिले जातात. तोंडाच्या आतील नाजूक अस्तराच्या पेशी एरवी सतत झडत असतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेत असतात. किरणांमुळे ही नवनिर्मिती मंदावते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून अस्तर लाल होते, सोलवटते आणि तेथे व्रण पडतात. सोबत केमोथेरपी असल्यास त्रास वाढतो. किरणोपचार संपल्यानंतरही एक-दोन आठवडे ही आग कायम राहू शकते. बहुतेकांचे व्रण त्यापुढील काही आठवड्यांत भरून येतात.

या काळात वेदना सोसत राहणे घातक ठरू शकते. वेदनेमुळे खाणे सुटते, वजन उतरते, अशक्तपणामुळे उपचारांत खंड पडतो आणि लांबलेल्या किरणोपचारांचा परिणाम उणावतो. त्यामुळे पुरेसे वेदनाशामक औषध घेणे हा उपचारांचाच भाग आहे. गरजेनुसार डॉक्टर तोंड बधिर करणारे जेल, वेदनाशामक चूळद्रव किंवा मॉर्फिनही देतात. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ ही समजूत चुकीची आहे. वेदना ओसरली की डॉक्टरांच्या सल्ल्याने ते टप्प्याटप्प्याने बंद करता येते. औषध जेवणाच्या किती आधी घ्यायचे, हे विचारून घेतल्यास जेवणाच्या वेळी त्याचा पुरेपूर उपयोग होतो.

घरगुती उपायांमध्ये एक लिटर कोमट पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भरणे उपयुक्त ठरते. अल्कोहोल असलेले माउथवॉश टाळावेत. तिखट, चिंच, लिंबू, लोणचे, फरसाण आणि कढत पदार्थ काही काळ दूर ठेवावेत. मऊ भात व मुगाचे वरण, तूप घातलेली पातळ खिचडी, नाचणीची पेज, दहीभात, रव्याची खीर, मऊ शिजवलेले अंडे किंवा मासे हे पदार्थ कोमट वा गार करून दिल्यास सहज उतरतात. तीन भरपेट जेवणांऐवजी दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खाणे सोयीचे असते.

लाळ, जबडा आणि ठसका

व्रण भरले तरी कोरडेपणा मागे राहतो. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. किरणांमुळे लाळग्रंथींना इजा झाली की भाकरी-पोळीचा घास टाळ्याला चिकटतो आणि चवही बदलते. चव बहुधा काही महिन्यांत परतू लागते, लाळ मात्र काहींच्या बाबतीत कायमचीच कमी राहते. अशा वेळी भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खावी आणि पाण्याची बाटली सतत जवळ बाळगावी. लाळेअभावी दात झपाट्याने किडतात. त्यामुळे दंतवैद्याच्या सल्ल्याने फ्लोराइडचा वापर करावा. किरणोपचार झालेल्या जबड्यातील दात काढल्यास हाडाची जखम न भरण्याचा धोका असतो. म्हणून दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला उपचारांची पूर्वकल्पना देणे अत्यावश्यक आहे.

जबड्याचे स्नायू आखडून तोंड उघडेनासे होणे, ही दुसरी अडचण. आपली तीन बोटे उभी धरून दातांमध्ये मावतात का, ही घरच्या घरी करता येणारी साधी चाचणी आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये धरून हळूहळू एकेक काडी वाढवण्याचा व्यायाम अनेक रुग्णालयांत शिकवला जातो. त्यात सातत्य हवे.

पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, तर अन्न-पाणी श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते. काही रुग्णांना तर ठसकाही लागत नाही, थेट न्यूमोनियाच होतो. वाचा व गिळण्याच्या क्रियेतील तज्ज्ञ अशा रुग्णांची तपासणी करून मानेची योग्य स्थिती आणि व्यायाम शिकवतात. नाकातून किंवा पोटातून घातलेल्या नळीची अनेकांना भीती वाटते; पण बहुतेकदा ती तात्पुरती असते. नळी असतानाही तज्ज्ञांनी सुरक्षित ठरवलेले घोट गिळत राहिल्यास गिळण्याचे स्नायू निकामी होत नाहीत.

पोटाचे दुखणे लपवू नये

ओटीपोटावरील किरणोपचारांदरम्यान आतड्यांचे अस्तर सुजते आणि जुलाब, मुरडा सुरू होतो. या काळात जलसंजीवनी, पेज, मऊ भात, केळे यांचा आधार घ्यावा. उसळी, कोबी, कच्ची कोशिंबीर आणि तळलेले पदार्थ तूर्त कमी करावेत. दूध पचेनासे झाल्यास दही-ताक सोसते का, ते पाहावे. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत शमतो.

काही रुग्णांना मात्र महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा जुलाब, घाईची शौचाची भावना अथवा रक्तस्राव सुरू होतो. संकोचापोटी अनेकजणी प्रवास व समारंभ टाळतात आणि रक्त दिसल्यास मूळव्याध समजून गप्प बसतात. पित्तक्षार न शोषले जाणे किंवा आतड्यात जिवाणूंची वाढ होणे, अशी कारणे त्यामागे असू शकतात. तपासणीत ती सापडतात आणि औषधाने आटोक्यातही येतात. नव्या तंत्रामुळे हा धोका घटल्याचा पुरावा भारतातच मिळाला आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रतिमांच्या साहाय्याने नेमके किरण दिल्यावर आतड्यांच्या उशिरा उद्भवणाऱ्या त्रासाचे तीन वर्षांतील प्रमाण ४२.४ टक्क्यांवरून २१.१ टक्क्यांवर आले.

जठर काढलेल्या रुग्णांनी थोडे थोडे, सावकाश खावे, जेवताना पाणी पिऊ नये आणि गोड पेये टाळावीत. अन्यथा अन्न वेगाने आतड्यात उतरून चक्कर, घाम व धडधड होते. पूर्ण जठर काढलेल्यांना ‘ब-१२’ जीवनसत्त्व आयुष्यभर बाहेरून घ्यावे लागते.

केव्हा थांबू नये

दिवसभर पाणीही न उतरणे, ताप, रक्ताची किंवा काळी शौचास होणे, सतत उलट्या, अथवा महिन्याभरात वजन ५ टक्क्यांनी घटणे, यांपैकी काहीही आढळल्यास पुढील तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. साखर बंद करून रोग उपाशी मारण्याचे सल्ले आणि अनोळखी काढे यांपासूनही दूर राहावे. आधीच खंगलेल्या शरीराला ते परवडत नाहीत.

घरच्यांनी ‘किती खाल्लेस’ असे विचारण्यापेक्षा ‘खाताना कुठे दुखते’ असे विचारावे. मिळालेले उत्तर वहीत टिपून डॉक्टरांपुढे ठेवावे. आहारतज्ज्ञांचीही वेळ मागून घ्यावी. घासाची वेदना ही सांगण्याची आणि उपचार करून घेण्याची बाब आहे. निमूटपणे गिळण्याची नव्हे.