चुकीचा हिशेब जागच्या जागी

तरुण खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांकडे आपण बहुधा पदकांच्या तक्त्यातूनच पाहतो. कोणत्या देशाला किती सुवर्णपदके मिळाली एवढे वाचून पान उलटले जाते. वस्तुतः अशा स्पर्धांचे नियमही वाचण्याजोगे असतात; वडीलधाऱ्यांनी तरुणांकडून नेमकी कोणती अपेक्षा धरली आहे, हे त्यांतून कळते. या दृष्टीने बायथलॉन या हिमप्रदेशातील खेळाची युवा व कुमार गटांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा विचार करण्यासारखी आहे.

हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही; म्हणून त्याचे स्वरूप आधी सांगणे अवश्य आहे. पायांत स्की बांधून आणि पाठीवर किमान साडेतीन किलो वजनाची रायफल घेऊन खेळाडू चढउतारांच्या बर्फाळ मार्गावरून धावतो. ठरावीक अंतर कापल्यावर तो नेमबाजीच्या मैदानात येतो, ५० मीटरवरील पाच लक्ष्ये टिपतो आणि पुन्हा धावू लागतो. काही फेऱ्यांत नेम पालथे पडून धरायचा असतो, काहींत उभ्याने. उत्तर युरोपातील सैनिकांच्या कवायतीतून हा खेळ निघाला. १९५८ साली ऑस्ट्रियातील झालफेल्डन येथे त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, १९६० साली त्याला ऑलिम्पिकमध्ये स्थान मिळाले आणि १९६७ साली पूर्व जर्मनीतील आल्टेनबर्ग येथे कुमारांची पहिली स्पर्धा भरली. १९७८ साली लष्करी धर्तीच्या मोठ्या रायफली जाऊन पॉइंट बावीसची लहान रायफल आली आणि या खेळाचे लष्करी रूप बरेच सौम्य झाले. २००२ पासून कुमारांच्या जोडीला आणखी लहान वयाचा युवा गटही खेळू लागला. २०२२ साली अमेरिकेतील सोल्जर हॉलो, २०२३ साली कझाकस्तानातील श्चुचिन्स्क, २०२४ साली एस्टोनियातील ओतेपा आणि २०२५ साली स्वीडनमधील ओस्टरसुंड, अशी ही स्पर्धा देशोदेशी फिरत आली आहे.

या स्पर्धेत वयाचा विचार कोठे केला जातो आणि कोठे केला जात नाही, हे पाहणे उद्बोधक आहे. स्प्रिंट या छोट्या शर्यतीत युवा मुलींना ६ किलोमीटर धावायचे असते, युवा मुलांना साडेसात आणि कुमार गटातील मुलांना १०. वाढत्या शरीराला झेपेल एवढाच भार त्यावर टाकावा, हे धोरण यात स्पष्ट दिसते. लक्ष्याच्या बाबतीत मात्र अशी सवलत नाही. पालथे पडून टिपायचे लक्ष्य ४५ मिलिमीटर व्यासाचे आणि उभ्याने टिपायचे ११५ मिलिमीटरचे, हे माप ऑलिम्पिक विजेत्याला जेवढे, तेवढेच सतरा वर्षांच्या मुलीलाही. श्रम वयाप्रमाणे कमी केले. अचूकतेची कसोटी तीच ठेवली.

ही कसोटी किती कठीण आहे, याची कल्पना महाराष्ट्रातील वाचकांना यावी. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते ५० मीटरवरूनच आणि पॉइंट बावीसच्या रायफलीनेच. त्याचे लक्ष्य बायथलॉनपेक्षा पुष्कळच सूक्ष्म होते. परंतु त्या खेळातील नेमबाज श्वास स्थिर करून निशाणा साधतो. बायथलॉनचा खेळाडू चढ चढून धापा टाकत येतो, छातीच्या ठोक्यांबरोबर रायफलीची नळी हलत असते, शेजारी प्रतिस्पर्धी गोळ्या झाडत असतो आणि घड्याळ थांबत नाही. तेव्हा नेम चुकणार, हे गृहीत धरूनच हा खेळ रचलेला आहे.

म्हणूनच चुकीसंबंधीचे नियम हा त्याचा गाभा म्हणता येईल. स्प्रिंटमध्ये चुकलेल्या प्रत्येक गोळीमागे खेळाडूला १५० मीटरचा एक दंडाचा फेरा मारावा लागतो. त्यात साधारण अर्धे मिनिट जाते. वैयक्तिक शर्यतीच्या मूळ प्रकारात फेरा नसतो. त्याऐवजी प्रत्येक चुकीमागे एक मिनिट वेळेत मिळवले जाते. सांघिक शर्यतीत प्रत्येक नेमबाजीला तीन जादा काडतुसे मिळतात. पण ती एकेक करून हाताने भरावी लागतात आणि तेवढा वेळ खर्च होतो. चूक दुरुस्त करण्याची संधी आहे, पण ती फुकट नाही.

दंडाचे फेरे मोजून पुरे करण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. एखादा फेरा राहिला, तर प्रत्येक फेऱ्यामागे दोन मिनिटांची शिक्षा होते. म्हणजे चुकीची किंमत अर्धे मिनिट, तर तिचे देणे टाळण्याची किंमत त्याच्या चौपट. फेरा पुरा झाला की मात्र हिशेब मिटला. खेळाडू पुन्हा मुख्य मार्गावर येतो आणि शर्यत चालू राहते.

अशा रीतीने देणे चुकवून पुढे जाणारा शेवटी मागेच राहतो, असे नाही. कुमार गटातील विजेतेपदे मिळवून पुढे आलेला नॉर्वेचा योहानेस थिंगनेस बो २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये २० किलोमीटरच्या शर्यतीत उतरला, तेव्हा वीसपैकी दोन गोळ्या चुकल्या. दोन मिनिटांचा दंड सोसूनही तो पहिला आला. त्याच्या मागोमाग साडेपाच सेकंदांनी आलेल्या स्लोव्हेनियाच्या याकोव फाकची एकही गोळी चुकली नव्हती. निर्दोष नेमबाजीला मोल आहेच. तथापि दोन चुकांनंतर न खचता धावणाऱ्या पायांनाही या खेळात मोल आहे.

कोवळ्या वयाच्या मुलांच्या हाती बंदूक का द्यावी, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच गैरलागू नाही. परंतु येथे रायफल भरणे आणि रिकामी करणे या दोन्ही क्रिया नळी लक्ष्याकडे ठेवूनच कराव्या लागतात, आणि सुरक्षिततेचा भंग करणारा स्पर्धेतून बाद होतो. जेथे दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, तेथे फेऱ्याची सवलत नाही. कोणती चूक भरून काढता येण्यासारखी आणि कोणती मुळीच क्षम्य नाही, हा विवेक नियमांनी आधीच सांगून ठेवला आहे.

आपल्या शाळांत आणि घरांत नेमका हाच विवेक पुष्कळदा आढळत नाही. एका विषयात हुकलेल्या मुलाला त्याची आठवण वर्षानुवर्षे करून दिली जाते. उलट लबाडी झाकली गेली, तर तिच्याकडे काणाडोळा होतो. अशा वातावरणात मुले चूक लपवायला शिकली, तर नवल कसले? कसोटी सैल करा, असे येथे सुचवायचे नाही. बर्फावरच्या या स्पर्धेतही लक्ष्य मोठे केलेले नाही. मात्र चुकीची शिक्षा आधी ठाऊक असावी, तिला मर्यादा असावी आणि ती भोगल्यावर मुलाला पुन्हा शर्यतीत धावू द्यावे, एवढे तरी मोठ्यांनी पाळायला हवे.