अंडी उबवण्याचे शेवटचे तीन दिवस

कोंबडीचे अंडे उबण्यास २१ दिवस लागतात. परंतु घरगुती उबवणी-पेटीत घात होतो तो बहुधा शेवटच्या तीन दिवसांत. १८व्या दिवसापासून अंडी फिरवणे थांबवावे, कारण पिलू आता बोथट टोकाकडील हवेच्या कप्प्याकडे चोच वळवून बसते. पंख्याच्या पेटीत ऊब ३७.५ अंश सेल्सिअसच ठेवावी. ओलावा मात्र ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत वाढवावा.

छत्रपती संभाजीनगरात वैशाखात हेच कठीण. दुपारी हवा कोरडी असते नि पारा चाळिशी गाठतो. पेटी ऊब देते, गारवा देत नाही. म्हणून ती आतल्या थंड खोलीत ठेवावी. पाण्याचे भांडे पसरट असावे. ओलावा पाण्याच्या खोलीवर नव्हे, पृष्ठभागावर अवलंबून असतो. वीज गेल्यास झाकण न उघडता, हवेची छिद्रे मोकळी ठेवून, पेटीवर घोंगडी पांघरावी.

कवचाला पहिला तडा गेला की आपले हात शिवशिवू लागतात. ते आवरावेत. त्यानंतर कित्येक तास पिलू स्वस्थ भासले, तरी आत ते पडद्यातील रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. अशा वेळी कवच सोलले तर रक्तस्राव होऊन ते दगावते. वारंवार झाकण उघडल्यास पडदा सुकून पिलाभोवती आवळतो. बाहेर आलेले पिलूही अंग सुकेपर्यंत पेटीतच असू द्यावे. बलकाच्या शिदोरीवर त्याचा एक दिवस सहज निभतो. खुडूक कोंबडी या काळात घरट्यावरून क्वचितच उठते. आपणही तिच्याइतकाच धीर धरावा.