वयोगटातील निवड आणि उद्याचा खेळाडू
अंबरनाथच्या बुवापाड्यातला मुलगा चौदा वर्षांखालील क्रिकेटच्या चाचणीत वगळला गेला की 'याच्यात दम नाही' असा निष्कर्ष घरीदारी लगेच निघतो. इथे 'सापेक्ष वय परिणाम' (एकाच वयोगटात थोड्या मोठ्या मुलांना मिळणारा फायदा) लक्षात घ्यायला हवा.

भारतीय क्रिकेटमध्ये वयोगट 1 सप्टेंबरपासून मोजतात. त्यामुळे सप्टेंबरात जन्मलेला मुलगा पुढच्या ऑगस्टमधल्या मुलापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असूनही दोघे एकाच गटात येतात. वाफ्यात आठवडाभर आधी पेरलेली मेथी उंच दिसते; म्हणून तिचे बी सरस ठरत नाही. कॅनडातील आइस हॉकीत हा परिणाम मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी 1980च्या दशकात दाखवला. तिथे गट जानेवारीपासून मोजत आणि निवडलेल्यांत वर्षारंभी जन्मलेलेच जास्त होते.

याचा अर्थ निवड निरर्थक असते असा नाही. ती आजच्या खेळाचे मोजमाप असते. उद्याबद्दल ती फक्त शक्यता सांगते. स्वीडनचा आइस हॉकी गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट 2000 साली उत्तर अमेरिकी व्यावसायिक लीगच्या निवडीत 205वा होता. 2012 मध्ये तो त्याच लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. डोंबिवलीत वाढलेला क्रिकेटपटू अजिंक्य रहाणे जूनमध्ये जन्मलेला, म्हणजे आपल्या वयोगटातल्या धाकट्यांपैकी. 2006च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषक संघात तो नव्हता. 2013 मध्ये तो कसोटी खेळला. अशी उदाहरणे नियम सिद्ध करत नाहीत, पण घाईचा निकाल टाळायला पुरेशी आहेत. चाचणीचा निकाल वाचताना जन्ममहिनाही पाहावा.